सुट्टीतले एकटेपण आणि मागची आठवण

मंडळी, आज एका नाजूक विषयावर चार शब्द बोलायचे आहेत. शेतीची, खताची, बियाण्याची माहिती आपण नेहमीच ऐकतो. पण शेत कसणाऱ्या आणि शाळा चालवणाऱ्या माणसाला मनही असते, आणि त्या मनाच्या मशागतीविषयी आपण क्वचितच बोलतो. विषय असा, की माणूस एकटा आहे, सुट्टी लागली आहे, हाताला काम नाही, आणि अशा वेळी फार वर्षांपूर्वीची एक प्रीत मनात वर येते. ती का येते? ती आली म्हणजे करायचे काय?

विदर्भात उन्हाळ्याची सुट्टी लांब असते. ऊन असे, की शाळा उघडायला जूनचा शेवट येतो. बदलीच्या गावी खोली करून राहणारे कितीतरी गुरुजी आणि बाई असतात. कोणाचे लग्न जमले नाही, कोणी आपणहून केले नाही, कोणाचा जोडीदार मध्येच निघून गेला. परीक्षा आटोपल्या, निकाल लागला, शाळेच्या दाराला कुलूप लागले, की बाकीचे आपापल्या घरी जातात. मागे राहिलेला माणूस दोन दिवस खोली झाडतो, कपडे धुतो, आणि तिसऱ्या दिवशी म्हणतो, चला, कुठे तरी जाऊन येऊ.

गोंदिया जिल्ह्यात असे जायला जागा पुष्कळ. तिरोडा तालुक्यातले चोरखमारा घ्या. गाव लहान, पण शेजारी मोठा तलाव आणि पलीकडे नागझिऱ्याचे रान. १९७० साली नागझिरा अभयारण्य झाले, २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला, आणि चोरखमाऱ्याचे फाटक हे त्या रानात शिरण्याच्या वाटांपैकी एक आहे. ऐन, बिजा, धावडा, मोह, तेंदू अशी झाडी. नशीब असले तर वाघ, नाही तर रानगवा, अस्वल, नीलगाय, आणि काहीच नाही दिसले तरी पाखरे आहेतच. माणूस वाघ पाहायला म्हणून जातो. संध्याकाळी पाण्याकाठी बसतो. वारा पडलेला असतो, बगळे रांगेने घरी निघालेले असतात. शेजारी कोणाचे कुटुंब आलेले असते, पोरे दगड फेकत असतात. कोणी तरी सहज विचारतो, “काऊन जी गुरुजी, येकलेच?” गुरुजी हसून हो म्हणतात. पण तो एक शब्द आत जाऊन बसतो, आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा एक चेहरा समोर उभा राहतो. झालं! वाघ राहिला बाजूला.

हे काही आजकालचे खूळ आहे असे मात्र कोणी समजू नये. याच गोष्टीवर आपल्या भागाशी नाते असलेल्या एका कवीने बाराशेहून अधिक वर्षांपूर्वी अख्खा एक अंक लिहून ठेवला आहे. गोंदियाच्या पूर्वेला आमगाव आहे, आणि आमगावजवळ पदमपूर. संस्कृत नाटककार भवभूती याने आपले घराणे पद्मपुर नगरातले असल्याचे स्वतःच सांगितले आहे. ते पद्मपुर म्हणजे हेच पदमपूर, असे नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. आमगावच्या महाविद्यालयाला भवभूतीचे नाव आहे ते त्यामुळेच. हा कवी इसवी सनाच्या आठव्या शतकातला. त्याचे ‘उत्तररामचरित’ हे नाटक सात अंकांचे आहे. त्यातला तिसरा अंक आपल्या आजच्या विषयाचा म्हटला तरी चालेल.

कथा थोडक्यात अशी. लोकापवाद ऐकून रामाने सीतेचा त्याग केला. त्याला बारा वर्षे लोटली. शंबूकाच्या प्रकरणात राम पुन्हा दंडकारण्यात येतो. त्या प्रकरणातला न्याय-अन्याय हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे, त्यात आज शिरत नाही. आपल्याला पाहायचे आहे ते त्यानंतरचे. काम संपले आहे, परतण्याची घाई नाही, आणि राम पंचवटीत एकटा उभा आहे. ही तीच जागा, जिथे दोघे वनवासात राहिली होती. सीतेने पाला चारून वाढवलेले हत्तीचे पिल्लू आता मोठे होऊन आपल्या जोडीदारणीबरोबर हिंडते आहे. सीतेने टाळीच्या ठेक्यावर नाचायला शिकवलेला मोर झाडावर बसलेला आहे. केळीच्या बनातली बसायची शिळा अजून तिथेच आहे. माणूस नाही, पण माणसाच्या खुणा सगळ्या जागच्या जागी आहेत. त्या पाहून राजा राम, ज्याने बारा वर्षे दरबारात डोळ्यांतून टिपूस काढले नाही, तो तिथे मूर्च्छा येऊन पडतो.

आता नीट पाहा. दरबारात आठवण नव्हती का? होती. पण तिथे कामाचा रगाडा होता. रानात काम नाही आणि खुणा मात्र आहेत. या दोन गोष्टी एकत्र आल्या की आठवण वर येते. भवभूतीने कवीच्या नजरेने जे टिपले, तेच आजचे मानसशास्त्र वेगळ्या रीतीने सांगते. ते एकेक करून पाहू.

पहिली गोष्ट रिकामेपणाची. आपण समजतो की काम थांबले म्हणजे मेंदूही विसावा घेतो. तसे नाही. अमेरिकेतले मार्कस रेचेल आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ साली दाखवून दिले, की माणूस बाहेरचे काही काम करत नसतो तेव्हा मेंदूचे काही ठरावीक भाग उलट अधिक कामाला लागतात. पुढच्या अभ्यासात दिसले, की हे भाग स्वतःविषयी विचार करणे, मागचे आठवणे, पुढचे कल्पिणे, दुसऱ्याच्या मनात काय असेल त्याचा अंदाज बांधणे, अशा कामांशी जोडलेले आहेत. जाते थांबले म्हणजे घरातले इतर आवाज ऐकू येतात, तशातला हा प्रकार. वर्षभर हजेरी, शिकवणी, सभा, अहवाल यांचे जाते फिरत असते. सुट्टीत ते थांबते आणि आतले आवाज कानावर पडतात. तेव्हा सुट्टीत जुनी आठवण आली म्हणजे आपण दुबळे झालो असे नाही. मेंदू आपले रोजचेच काम करतो आहे, आपल्याला ते आज ऐकू आले, एवढेच.

दुसरी गोष्ट खुणांची. आठवण ही पेटीत घडी घालून ठेवलेल्या लुगड्यासारखी एका जागी नसते. ती अनेक धाग्यांनी बांधलेली असते, जागा, ऋतू, आवाज, आणि विशेषतः वास. डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले मेंदूत पोहोचते ते मधल्या एका चौकीतून. वासाची वाट मात्र त्या चौकीला वळसा घालून, भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांच्या अगदी जवळून जाते. म्हणूनच चैताच्या पहाटे मोहफुलांचा वास आला, किंवा वळवाच्या पहिल्या सरीने माती दरवळली, की काही कळायच्या आत मन वीस वर्षे मागे जाते. आपल्या झाडीपट्टीत वासांची काय कमतरता! तेव्हा रानात गेलेल्या माणसाला आठवण यावी, यात नवल नाही. न यावी तर नवल.

तिसरी गोष्ट वयाची. म्हाताऱ्या माणसांना आयुष्यातले प्रसंग आठवायला सांगितले, तर साधारण दहा ते तीस या वयातले प्रसंग बाकीच्या वयांपेक्षा जास्त सांगितले जातात. हे अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. त्या वयात बहुतेक गोष्टी पहिल्याने घडतात. पहिले गाव सोडणे, पहिली नोकरी, पहिली प्रीत. ज्या बांधावरून रोज जायचे तो बांध लक्षात राहत नाही, पण पहिल्यांदा पाण्यात पडलो ती जागा राहते. तेव्हा पन्नाशीच्या माणसाला विशीतली व्यक्ती आठवते याचा अर्थ असा नव्हे, की मधली तीस वर्षे वाया गेली किंवा त्यानंतर जे मिळाले ते खोटे होते. पहिलेपणाचा ठसा खोल उमटतो, हा मनाचा धर्म आहे.

चौथी गोष्ट अपुरेपणाची. बर्लिन येथे काम करणाऱ्या ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना लहान लहान कामे दिली, काही पुरी करू दिली, काही मध्येच थांबवली. नंतर विचारले तेव्हा अर्धवट राहिलेली कामे लोकांना अधिक आठवली. पुढे इतरांनी हा प्रयोग केला तेव्हा प्रत्येक वेळी फरक तितका ठळक आला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण अपुरे काम मनाला ओढ लावते, हा अनुभव कोणाला नाही? आणि आपल्या खेड्यांतल्या बहुतेक प्रेमकथा अपुऱ्याच राहिलेल्या असतात. जात आडवी आली, जमीन आडवी आली, थोरल्या बहिणीचे लग्न राहिले होते, वडिलांनी शब्द देऊन टाकला होता. भांडण होऊन तुटले असते तर निदान तुटले असे तरी म्हणता आले असते. एके दिवशी पत्रिका छापून आली आणि बोलणे तिथेच थांबले. असे थांबलेले बोलणे मन सुट्टीत पुढे चालू करते.

आता पाचवी गोष्ट, आणि ही सगळ्यांत महत्त्वाची. आठवते ते तसेच घडले होते का? इंग्लंडचे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली एका ग्रंथात दाखवले, की माणूस आठवतो म्हणजे जुने जसेच्या तसे बाहेर काढत नाही, तर ते दर वेळी नव्याने बांधतो. मातीच्या भिंतीला दर साली पोतेरे फिरते तसे. दर वेळी वरचा थर आजच्या मातीचा असतो. त्यातच आणखी एक गोष्ट संशोधकांना दिसली आहे. बहुतेक माणसांच्या बाबतीत कडू प्रसंगांचा कडवटपणा लवकर ओसरतो, गोड प्रसंगांचा गोडवा जास्त टिकतो. हे देणगीसारखेच आहे, नाही तर जगणे कठीण झाले असते. पण त्यामुळे फसगतही होते. तिचे हसणे आठवते, तिचा हट्ट आठवत नाही. त्याचे बोलणे आठवते, त्याने ऐन वेळी घेतलेली माघार आठवत नाही. मग घरच्या, आजच्या, हाडामांसाच्या माणसाची तुलना आपण त्या पोतेरे फिरवलेल्या भिंतीशी करतो. आजचे माणूस त्यात हरणारच.

भवभूती इथेही शहाणा आहे. रामाला तो नुसते रडू देत नाही. पंचवटीची वनदेवता वासंती ही सीतेची सखी. ती रामाला त्या सगळ्या जागा दाखवते आणि मग तोंडावर विचारते, की तुम्ही हे केलेत कसे? राजाला असे विचारणारी कोणी असावी, ही केवढी मोठी गोष्ट! आठवण काढणाऱ्या प्रत्येकाजवळ एक वासंती हवी. आपण ज्याच्या आठवणीने व्याकुळ होतो, त्याला आपणही काही कमी दुखावले नसेल. ‘माझे प्रेम गेले’ या वाक्यात ‘मी’ असतो, पण त्या दुसऱ्या माणसाचे काय झाले हा प्रश्न त्यात नसतो. मुलगा विसरतो, की त्याने पाठ फिरवली तेव्हा गावात नाव मुलीचेच गेले. खरी आठवण काढायची तर दोन्ही बाजूंनी काढावी.

त्याच अंकात गंगेच्या कृपेने सीता अदृश्य होऊन हजर आहे. राम तिला पाहू शकत नाही, पण ती त्याला पाहते, त्याचे दुःख ऐकते. बारा वर्षे तिच्या मनात जो सल होता, तो त्या ऐकण्याने सैल होतो. राम मूर्च्छित होतो तेव्हा तिच्या स्पर्शाने शुद्धीवर येतो. राम शोक करत असताना सीतेची सोबतीण तमसा नदी तिला एक गोष्ट समजावते. तिचा आशय असा, की तलाव तुडुंब भरून फुटायला आला तर पाण्याला वाट करून देणे हाच त्यावर इलाज, आणि शोकाने भरलेले मनही बोलून मोकळे झाल्यानेच तग धरते.

ही उपमा आपल्या मुलखातल्या माणसाला समजावून सांगायला नको. भंडारा आणि गोंदिया म्हणजे तलावांचे जिल्हे. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेले आणि पुढे मालगुजारी म्हणून ओळखले गेलेले हे तलाव आणि बोड्या आजही धानाला पाणी देतात. तलाव बांधणाऱ्याला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पाळ मजबूत हवी, आणि सांडवा मोकळा हवा. पाळ नसेल तर पाणी थांबणार नाही. सांडवा नसेल तर एखाद्या आषाढात पाळच वाहून जाईल. आणि सांडव्यातून गेलेले पाणी वाया जात नाही, ते खालच्या बोडीला मिळते. मनाचेही तेच.

सांडवा बुजवला म्हणजे काय होते, तेही पाहू. पुष्कळ माणसे निश्चय करतात, की आता आठवण काढायचीच नाही. आपल्याकडे वैद्याची गोष्ट आहे. औषध घेताना माकडाची आठवण काढू नका, असे त्याने बजावले, आणि रोग्याला पेला हातात घेतला की माकडच दिसे. अमेरिकेतले डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली हाच प्रयोग पांढऱ्या अस्वलाच्या निमित्ताने केला. पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा, असे सांगितले. घंट्या वाजतच राहिल्या. नंतर विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा आधी दाबून ठेवणाऱ्यांना ते अस्वल इतरांपेक्षा जास्त आठवले. तेव्हा दडपणे हा उपाय नव्हे. आणि दारू हा तर मुळीच नव्हे. दारूने सांडवा मोकळा होत नाही, पाळ तेवढी पोखरली जाते.

मग मोकळे करायचे कसे? एक मार्ग लिहिण्याचा. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, मनाला लागलेल्या गोष्टी मोकळेपणाने लिहायला लावले. लिहिताना त्यांना वाईट वाटले, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांना दवाखान्याची गरज इतरांपेक्षा कमी पडली. पुढे असे पुष्कळ अभ्यास झाले. फायदा फार मोठा नसला तरी बहुतेक ठिकाणी थोडाफार दिसतो. गुरुजींना आणि बाईंना कागद-पेन काही नवे नाही. एक वही घ्यावी, तारीख घालावी, जे आठवते ते लिहावे. गोड लिहावे, कडूही लिहावे. कोणाला दाखवायचे नसते, म्हणून खोटे लिहायचे कारण नाही. लिहून झाल्यावर वही ठेवायची की फाडायची, हे ज्याचे त्याने ठरवावे.

प्रेमाच्या कागदांचे मोल काय असते, ते विदर्भाला चांगले ठाऊक आहे. नागपूरचे कवी अनिल, म्हणजे आ. रा. देशपांडे, आणि कुसुमावती देशपांडे यांनी लग्नाआधी एकमेकांना लिहिलेली पत्रे ‘कुसुमानिल’ या नावाने १९७२ साली पुस्तकरूपाने आली. कुसुमावतीबाई १९६१ साली वारल्या होत्या. मागे राहिलेल्या माणसाने सहवासाच्या आठवणी कागदावर जपल्या आणि त्यांचे साहित्य झाले. प्रत्येकाच्या वहीचे पुस्तक होणार नाही, व्हायलाही नको. पण कागद हा चांगला सांडवा आहे, एवढे त्यावरून घ्यावे.

ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांनी बोलावे. रोवणीत वाकलेल्या बाया आणि जात्यावर बसलेल्या सासुरवाशिणी यांना कोणी सुट्टी दिली नव्हती, की पर्यटनाला पाठवले नव्हते. त्यांनी आपली मने गाण्यांत आणि ओव्यांत मोकळी केली. सोबतीणही तेच गाणे म्हणते, म्हणजे दुःख माझ्या एकटीचे नाही, ही केवढी सोबत! विश्वासाचा एखादा मित्र, एखादी बहीण, एखादे वडीलधारे माणूस असावे, आणि त्याने उपदेश न करता ऐकावे. ऐकणाऱ्याचे काम तमसेसारखे आहे. तिने सीतेला शांत राहा असे दटावले नाही, पाण्याला वाट हवी असते हे समजावले.

आता पाळेविषयी. सांडव्याइतकीच पाळही हवी, आणि आजच्या काळात तर अधिकच. पूर्वी मागचे माणूस आठवले तरी ते कुठे आहे हे कळायला मार्ग नसे. आज खिशात दूरध्वनी आहे. रात्री दहा वाजता तलावाकाठच्या खोलीत एकटा बसलेला माणूस नाव शोधतो, फोटो सापडतो, नंबर मिळतो. आणि वीस वर्षांनी एक ओळ पाठवली जाते, ‘ओळखलंस का?’ पाठवणाऱ्याची सुट्टी आहे हो, पण जिला ती ओळ गेली तिची नाही. तिच्या हातात तवा आहे, शेजारी नवरा जेवतो आहे, सासू दारात बसली आहे. एवढ्याशा ओळीवरून आपल्या समाजात बाईचे काय काय होऊ शकते, हे सांगायला नको. तेव्हा नियम साधा ठेवावा. आठवण आपली आहे, ती हवी तितकी काढावी. माणूस मात्र आपले नाही, त्याचा आजचा दिवस त्याचा आहे. सुट्टीच्या एकट्या रात्री काही पाठवू नये. गावी परतावे, शाळा सुरू होऊ द्यावी, आणि तरीही दिवसाउजेडी ते बोलणे योग्य वाटले, समोरच्याला त्रास होणार नाही अशी खात्री असली, तर मग पाहावे. बहुतेकांना तोवर गरजच वाटत नाही.

आठवण स्वतः मात्र शत्रू नाही. १६८८ साली योहानेस होफर नावाच्या स्विस वैद्याने घरापासून दूर राहिलेल्या माणसांच्या या हुरहुरीला रोग म्हणून नाव दिले, आणि पुढे पुष्कळ वर्षे तो रोगच समजला गेला. आजचे मत वेगळे आहे. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या अभ्यासकांनी २००६ साली दाखवले, की एकटेपणा वाटला की अशी हुरहुर जागी होते, आणि तीच हुरहुर माणसाला पुन्हा इतरांशी जोडलेले वाटायला मदत करते. मागे कोणी तरी आपल्यावर जीव लावला होता, हे आठवले की माणूस स्वतःला अगदीच टाकून दिलेला समजत नाही. आठवणीतून उठून तो शेजाऱ्याशी दोन शब्द बोलला, भावाला फोन केला, तर आठवणीने आपले काम केले. आठवणीतून उठताच येत नसेल, झोप उडाली, जेवण सुटले, जगण्यात अर्थ नाही असे वाटू लागले, तर ते निराळे. तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहे. जिल्हा रुग्णालयात विचारावे, किंवा सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन लावावा. त्यात लाज कसली? ताप आला तर आपण जातोच ना डॉक्टरकडे?

शिक्षकांसाठी एक विशेष गोष्ट. आपल्या वर्गातली पंधरा-सोळा वर्षांची मुले आज त्याच वयात आहेत, ज्या वयाचा ठसा जन्मभर राहतो. त्यांची पहिली ओढ आपल्याला पोरकटपणा वाटते. चिठ्ठी सापडली की आपण ती वर्गात वाचून दाखवतो, सगळे हसतात. त्या मुलाला किंवा मुलीला चाळीस वर्षांनी एखाद्या रिकाम्या संध्याकाळी ते हसणे आठवणार आहे, एवढे ध्यानात ठेवावे. समजूत घालावी, मर्यादा सांगावी, अभ्यासाकडे वळवावे, पण चारचौघांत हसू करू नये.

आणि एकटेपणाविषयी एक शेवटचे. महाराष्ट्रात सारस पक्षी आज मुख्यतः आपल्या गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे, परसवाड्यासारख्या तलावांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या आधाराने. पुरुषभर उंचीचा, मान लाल, नेहमी जोडीने फिरणारा. लोक सांगतात, की जोडीतला एक गेला तर दुसरा अन्नपाणी सोडून मरतो. गोष्ट सुंदर आहे, पण पाखरू त्याहून शहाणे आहे. जोडीदार गेलेला पक्षी एकटा चरतो, उडतो, आणि पुष्कळदा काही काळाने दुसरी जोडी जमवतो. सारसाच्या निष्ठेने त्यात काही कमीपणा येत नाही. माणसानेही एकटे राहिल्यावर जगणे थांबवू नये. पुन्हा जोडी जमली तर उत्तम. नाही जमली, तरी एकटा माणूस म्हणजे अर्धा माणूस नव्हे. त्याची शाळा आहे, शेत आहे, शेजार आहे, पाखरे ओळखण्याचा नाद आहे.

तेव्हा मंडळी, सुट्टीत जरूर हिंडा. रामटेकला जा, जिथे कालिदासाच्या यक्षाने विरहाचे वर्ष काढले असे मिराशींसारख्या विद्वानांनी मानले आहे. आमगावकडे जाऊन पदमपूर पाहा. चोरखमाऱ्याच्या तलावावर दोन संध्याकाळी काढा. मागची आठवण आली तर तिला बसायला जागा द्या, दोन गोष्टी बोला, तिच्याकडून तुमचीही चूक-भूल ऐकून घ्या. मग उठा, आणि उद्या पहाटे रानात जायचे असेल तर लवकर झोपा.